बिनलोखंडाची चाळ

शिकलेला मूर्ख बघायचा असेल तर आमचा दापोडीचा घरमालक बघायला हवा होता. आता तो नाही, त्याची चाळही नाही. तिथं गाळे झालेत आणि गाळ्यांत वेल्डिंगची दुकानं आहेत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण चांगलं बोलायला बसले तर दोन ओळींत संपेल, म्हणून जसं आठवतं तसं लिहिते.

चीनच्या लढाईनंतर दोनेक वर्षांनी आम्ही दापोडीत खोली शोधत होतो. मिस्टर नुकतेच कारखान्यात लागले होते. खोल्या रिकाम्या दिसायच्या आणि आडनाव सांगितलं की भरायच्या. कुणी म्हणे कालच दिली, कुणी म्हणे पुतण्या यायचाय गावाहून. आम्ही बौद्ध, हे आडनावातच कळायचं. हिंडून हिंडून पायांचे तुकडे पडले, तेव्हा रेल्वेलायनीच्या अंगाच्या ह्या चाळीपाशी पोचलो. दारात एक उंच, वाळका माणूस पायजम्यावर उभा होता. त्यानं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न असा आला, "घरात लोखंड किती आहे?"

मिस्टर गडबडले. "एक ट्रंक आहे. सायकल आहे."

"ट्रंक चालणार नाही. सायकल चालणार नाही."

"माणसं चालतील का?" मी विचारलं. मला तेव्हापासूनच जीभ आवरत नाही.

"माणसं चालतील," तो शांतपणे म्हणाला. "माणसात लोखंड फार थोडं असतं."

अशी आम्हाला खोली मिळाली. ट्रंक भावाकडे गेली, कपडे लाकडी पेटीत आले. तोंडावर आम्ही त्याला काका म्हणायचो आणि पाठीमागं सुईवाला. सबंध दापोडी त्याला सुईवाला म्हणायची.

सुईचं असं होतं. हा माणूस पूर्वी समुद्रकाठच्या कुठल्याशा वेधशाळेत कामाला होता. पृथ्वीचं चुंबक कमी-जास्त होतं, ते सुईवर वाचून उतरवायचं, एवढंच काम. साहेबाशी भांडून ती नोकरी त्यानं सोडली आणि सुईचं वेड मात्र बरोबर आणलं. चाळीच्या टोकाला त्याचं घर, आणि घरामागं एक अंधारी खोली. तिला वर कौलं, भिंतीला लाकडी खुंट्या, दाराला पितळी बिजागऱ्या. खिळा म्हणून औषधाला नाही. आत दगडी चौथऱ्यावर काचेच्या पेटीत रेशमाच्या धाग्याला सुई टांगलेली, सुईला आरशाचा बारीक तुकडा चिकटवलेला. दिव्याचा उजेड आरशावर पडून त्याचा ठिपका समोरच्या पट्टीवर दिसायचा. सुई केसभर हलली तरी ठिपका बोटभर सरकायचा. हा माणूस दिवसभर त्या ठिपक्यापुढं बसून असायचा. कोंबडीनं अंड्यावर बसावं तसा, पण कोंबडीला निदान पिल्लू तरी मिळतं.

आणि त्या ठिपक्यापायी आमच्या अख्ख्या चाळीला लोखंडाची बंदी. शेजारीपाजारी सगळे कारखान्यांत लोखंड कापणारे, लोखंड वितळवणारे लोक, आणि घरी येताना दारात झडती. तो हातात होकायंत्र घेऊन उभा. टाचांना नाल मारलेले बूट कोपऱ्यावरच काढायचे. बायकांच्या अंबाड्यातले आकडे काढायचं काम त्याच्या बायकोचं. काकू बिचाऱ्या आमच्या केसांत बोटं घालायच्या आणि खाली बघत म्हणायच्या, "एक राहिलाय गं." त्यांच्या स्वतःच्या पदराला पितळेची पिन असायची, ती हिरवी पडलेली. सायकली गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवाव्या लागत. म्हातारा रोज मिस्टरांना विचारायचा, "लोखंडाला बी इटाळ असतुय व्हय, भाऊ?" आणि खो खो हसायचा. मिस्टर हसायचे नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "लोखंड हा अडाणी धातू आहे. ज्याच्या शेजारी बसेल त्याला बिघडवतो." हे वाक्य तो आम्हाला, आमच्याच अंगणात, आमच्याच तोंडावर ऐकवायचा, आणि आपण काय बोलतोय हे त्याच्या गावीही नसायचं. मुद्दाम टोमणा मारायचा तर समोरच्या माणसाकडे बघावं लागतं. हा कुणाकडे बघायचाच नाही.

एकदा मी चादर वाळत घालत होते. वारा सुटला होता. हा आला, आणि काही न विचारता ओल्या चादरीच्या मागं जाऊन उभा राहिला. चादर त्याच्या अंगाला चिकटली, नाकासकट.

"बघा," तो आतून म्हणाला, "मी पृथ्वी."

मी म्हटलं, "बरं."

"सूर्य नुसता उजेड देत नाही. सतत वारा सोडतो. हवेचा नव्हे, विजेने भारलेल्या बारीक कणांचा. अतोनात वेगाचा. तो इथवर येतो."

"मग आपल्याला लागत कसा नाही?"

"तेच तर. पृथ्वीच्या पोटात चुंबक आहे. त्या चुंबकाचा पसारा बाहेर लांबवर असतो. वारा त्यावर आपटतो आणि बाजूने निघून जातो. सूर्याकडची बाजू दाबली जाते, ही बघा, माझ्या पोटावर दाबलीय तशी. मागची बाजू लांब ओढली जाते. शेपटीसारखी." मागं चादरीचं टोक फडफडत होतं, ते त्यानं हात काढून दाखवलं. "एखाद्या वेळी सूर्य खवळतो. वारा जोरात येतो. मग हा सगळा पसारा आवळला जातो, सुई एकदम उडी मारते. नंतर मागच्या शेपटीकडून कण आत शिरतात, पृथ्वीभोवती विजेचं कडं फिरायला लागतं, आणि माझी सुई खाली उतरत जाते. एक दिवस, दोन दिवस. परत जागेवर यायला आणखी काही दिवस लागतात. ते वादळ मला एकदा, इथे, ह्या दापोडीत, स्वच्छ पकडायचं आहे."

मला ते कळलं. त्याला वाटलं कळलं नाही, म्हणून त्यानं पहिल्यापासून परत सांगितलं. चादरीला त्याच्या पायांची माती लागली, ती मी पुन्हा धुतली.

आता ऐका त्याचा मोठा शोध. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यानं वाचलं की सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याच्या वाऱ्याचे पट्टे असतात, आणि एकेक पट्टा साधारण आठवड्यानं आपल्यावरून जातो. झालं, ह्याच्या अंगात आलं. कारण त्याची सुई सहा दिवस थरथरायची आणि गुरुवारी गप्प बसायची. दर गुरुवारी. तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून अंगणात यायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आज सूर्य शांत आहे." अंगणात आमचे पुरुष पत्ते खेळत बसलेले असायचे. आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी कारखान्यांची वीज बंद असते. पिंपरी-चिंचवडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. त्यानं मात्र परदेशात पत्रं पाठवली की दापोडीच्या सुईनं सूर्याचा आठवडा पकडला. उत्तर आलं नाही तेव्हा म्हणाला, "जळतात ते."

गाड्यांचं त्याला ठाऊक होतं, हे सांगायला हवं. लायनीवरून विजेची गाडी गेली की सुई हलते, म्हणून वेळापत्रक भिंतीला लावलेलं, तेवढा वेळ तो सोडून द्यायचा. पण चाळीच्या मागं नाला आणि नाल्यापलीकडं कारखान्याचं भंगाराचं आवार, तिथं काय चालतं हे त्यानं कधी वाकूनही बघितलं नाही. मिस्टर तिथंच कामाला होते, क्रेनवर. क्रेनच्या टोकाला जात्यासारखं गोल, मोठं चुंबक. वीज सोडली की भंगार चिकटायचं, वीज तोडली की खाली पडायचं. दिवसभर तेच. आम्हाला खोली देताना त्यानं ट्रंक विचारली, सायकल विचारली. नवरा काय काम करतो हे विचारलं असतं तर जन्म सुधारला असता त्याचा.

माझं म्हणाल तर मला लग्नात भावानं शिलाईचं पायमशीन दिलं होतं. ते ह्या चाळीत येणं शक्यच नव्हतं. बोपोडीला बहिणीकडे ठेवलं. रोज स्वयंपाक उरकून, लेकराला कडेवर घेऊन पुलावरून बोपोडीला जायचं, शिवायचं, संध्याकाळी परत. पावसात, उन्हात, दुसऱ्या खेपेला पोटुशी असताना. पुलावर गाड्यांचा धुरळा खात चालताना मी ह्या माणसाला ज्या शिव्या दिल्यात, त्या इथं लिहीत नाही. घर मिळालंय, टिकवायचं, म्हणून तोंड मिटून राहिले.

मग आणीबाणी उठली, आणि त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत कारखान्याला टाळं लागलं. युनियननं मागणी केली, मालकानं गेट बंद केलं. भोंगा बंद, भट्टी बंद, क्रेन मान खाली घालून उभी. पुरुष सकाळी गेटवर जाऊन बसायचे आणि दुपारी परत यायचे. पहिल्यांदा चहातली साखर गेली, मग डाळ पातळ झाली, मग धाकट्याचं दूध. मिस्टर बोलेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

आणि अशात एका सकाळी हा माणूस पेढे घेऊन आला.

"घ्या," म्हणाला. चेहरा नुसता फुललेला. "सूर्य शांत झालाय. कित्येक आठवडे सुई हललेली नाही. माझ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. आता रोजच गुरुवार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरं पेढ्याकडे बघत होती. मी पुडा घेऊन पोरांच्या हातात दिला, कारण अन्नावर राग काढायची ऐपत नव्हती. आणि मग त्याचंच वाक्य माझ्या डोक्यात फिरलं. रोजच गुरुवार.

"काका," मी म्हटलं, "सूर्याला काही झालेलं नाही. कारखान्याला टाळं लागलंय."

"त्याचा काय संबंध?"

मिस्टर उठून बसले. कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले. "तुमची सुई दुपारी जेवणाच्या सुट्टीत थांबायची का हो?"

"जेवणाच्या सुट्टीत नव्हे. सूर्य डोक्यावर आला की अर्धा तास थांबायची."

"आणि मी फर्स्ट शिफ्ट संपवून आलो की?"

"दुपारनंतर थोडी मंद व्हायची. मग पुन्हा सुरू."

"मध्ये शिफ्ट बदलते," मिस्टर म्हणाले, आणि हसायला लागले. टाळेबंदी झाल्यापासून ते पहिल्यांदा हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला क्रेनचं, चुंबकाचं सगळं समजावून सांगितलं. सूर्याचा वारा म्हणून ह्यानं वर्षानुवर्षं माझ्या नवऱ्याची ड्यूटी उतरवून काढली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मागं टनाटनाचं भंगार उचलणारं चुंबक चालू, आणि हा बायकांच्या अंबाड्यात आकडे शोधतोय.

तुम्हाला वाटेल तो ओशाळला. छे. त्यानं डोळे बारीक केले, जरा विचार केला, आणि म्हणाला, "तुम्ही उलटं बघताय. सूर्य खवळला की माणसं खवळतात. तुमची मागणी, मालकाचं टाळं, हे त्याचेच परिणाम. सुई कारखान्यामुळे थांबलेली नाही. कारखाना सूर्यामुळे थांबलाय."

"आणि गुरुवारची सुट्टी?"

"सरकारने गुरुवारच का निवडला, ह्याचा कधी विचार केलात?"

मी हात टेकले. पण मनात एक गोष्ट पक्की झाली. त्याच दुपारी मिस्टर आणि त्यांचे दोन सोबती बोपोडीहून माझं मशीन खांद्यावर घेऊन आले, भर उजेडात, पुढच्या दारातून. तो होकायंत्र घेऊन आडवा उभा राहिला. मिस्टर म्हणाले, "बाजूला व्हा काका, पायावर पडेल." तो बाजूला झाला आणि म्हणाला, "महिनाअखेर खोली खाली करा."

म्हणजे परत तेच हिंडणं, परत ते पुतणे आणि ती 'कालच दिली'. आता तर दोन पोरं पदरात आणि नवऱ्याला पगार नाही. पण मशीन घरात आल्यावर एका कापडवाल्यानं शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा मला दिला. शाळा उघडायच्या होत्या. सांगितल्या दिवशी कपडे तयार नसले तर गठ्ठा दुसऱ्या शिंप्याकडे जाणार, हे त्यानं बजावलं होतं. म्हणून मी पहाटेपासून पाय मारत होते. महिनाअखेरचं महिनाअखेर बघू, आजची चूल आज पेटायला हवी.

गणवेश द्यायचा दिवस उद्यावर आला होता. सकाळी तो अनवाणी धावत माझ्या दारात आला. केस विस्कटलेले. शेजारचा रेडिओ आदल्या दिवसापासून खरखरत होता, लांबचं एकही स्टेशन धड लागत नव्हतं.

"आलं," तो म्हणाला. "काल दुपारी ठिपका एकदम उडाला आणि मग उतरायला लागला. अजून उतरतोय. कारखाना बंद आहे. गाड्यांचा वेळ मी सोडलाय. हे सूर्याचंच आहे. खरं वादळ आहे."

मी म्हटलं, "बरं झालं. बाजूला व्हा, उजेड अडवू नका."

मग त्या माणसानं माझ्यापुढं हात जोडले. "उद्या संध्याकाळपर्यंत मशीन बंद ठेवा. एवढंच. तुम्ही खोली सोडू नका. कायमच्या राहा. मी लिहून देतो. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत."

खरं सांगते, पाय थांबला माझा. कायमची खोली. मिस्टरांकडे बघितलं. माझ्यावर सोडलं त्यांनी. पण गठ्ठा गेला असता तर पुन्हा कुणी काम दिलं नसतं, आणि पोरांच्या ताटात कायमची खोली वाढता येत नाही. आणि दुसरंही होतं. इतकी वर्षं मी पुलावरून चालत होते तेव्हा ह्याला माझी दया आली नव्हती. आज सूर्याची आली होती.

"काका, तुमच्या सूर्याला जेवायला लागत नाही," मी म्हटलं. "आम्हाला लागतं." आणि पाय मारला.

तो तिथंच उभा राहिला. मग त्याच्या मागून काकू आल्या. मला वाटलं, आता ह्याही हात जोडणार. त्या माझ्या शेजारी खाली बसल्या, गठ्ठ्यातला एक शर्ट ओढून घेतला आणि म्हणाल्या, "काजं-बटणं मी करते. लग्नाआधी शिकले होते. सुई दे एक."

"अगं, लोखंड," तो म्हणाला.

"जागा माझ्या वडिलांच्या पैशांची आहे," काकू त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "कुणी खोली सोडणार नाही, आणि कुणाला काही लिहून द्यायचं नाही. जा तुम्ही. तुमचं वादळ निघून जाईल."

तो खरंच गेला. दुसरं काही सुचलं नसावं त्याला.

दिवसभर आम्ही दोघी शिवत होतो. काकूंचा हात सुरुवातीला अडखळत होता, दुपारपर्यंत सरळ झाला. संध्याकाळी शेवटचे शर्ट उरले तेव्हा तो पुन्हा दारात आला, आणि चेहरा असा की पेढेच आणलेत की काय.

"तुमच्या मशीनने काही झालं नाही," तो मला म्हणाला. "कागदावर ठिपक्याची रेघ अगदी स्वच्छ उतरलीय. मशीन चालू असताना बघितलं, बंद असताना बघितलं. काहीसुद्धा फरक नाही."

काकूंनी दोरा तोडला. "म्हणजे सायकलीनं, आकड्यांनी, बुटांनीही काही होत नव्हतं?"

तो प्रामाणिकपणे विचार करत उभा राहिला. तेवढं मात्र त्याच्यात होतं. "एवढ्या अंतरावर... तसं बघितलं तर, नव्हतं होत."

मला वाटलं काकू रडतील, नाहीतर किंचाळतील. मी तरी किंचाळले असते. त्यांनी पुढचा शर्ट घेतला आणि मला विचारलं, "घरात काय आहे गं जेवायला?"

"पिठलं आहे. भाकरी टाकते."

"मलाही वाढ."

इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या घरचा चहासुद्धा घेतला नव्हता. कधी म्हणाल्या नाहीत, पण का ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. मी ताट वाढलं. त्या पोरांच्या शेजारी बसल्या, भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला.

तो उंबऱ्यातच उभा होता. घरी चूल पेटलेली नाही, हे त्याला उशिरा कळलं. मी त्याच्याही हातावर भाकरी दिली, वर पिठल्याचा गोळा. उभ्या उभ्या खात, तोंडात घास असताना तो मिस्टरांना समजावत राहिला, मागच्या शेपटीतून कण आत कसे शिरतात आणि पृथ्वीभोवती कडं कसं फिरतं. त्याच्यापासून हातभर अंतरावर त्याची बायको आमच्या घरात पहिल्यांदा जेवत होती. ते त्याला दिसलं नाही.